बटण सोडलं की दुसरा बोलतो

यंत्र बंद पडलं की आपली माणसं आधी त्याला मारतात. रिमोट तळहातावर आपटायचा, रेडिओला चापट, मिक्सरला शिवी. मी स्वतः इंजिनियर आहे आणि मीही मारते, तेव्हा कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. मारून भागलं नाही की सेल काढून परत घालायचे. हा उपाय मात्र खरा. सेल काढला की आतला सगळा गोंधळ पुसला जातो आणि यंत्र झोपून उठल्यासारखं पहिल्यापासून सुरू होतं. पण हल्लीच्या हातात धरायच्या वस्तूंचे सेल निघतच नाहीत. बॅटरी आत चिकटवलेली, पेटी चारी बाजूंनी बंद. मग ते अडकलं की करायचं काय? त्यासाठी कुठेतरी एक वाट ठेवावी लागते, माणसाच्या बोटानं यंत्राला जागं करायची. तिला रिसेट म्हणतात. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथं मी वर्षानुवर्षं हेच करत आलेय. लोकांना वाटतं, बटण म्हणजे काय, दाबलं की झालं! अहो, बटण बसवणं सोपं आहे. ते चुकून कधी दाबलं जाऊ नये, हे ठरवण्यात जीव जातो.

वर्कशॉप दोघांचं. माझा भागीदार मिरजेचा, तंबोरे आणि सतारी करणाऱ्या घरातला. घरचे अजून भोपळ्यांना आकार देतात, हा प्लास्टिकच्या पेट्या करतो. पेटी, कंप, आवाज हे त्याचं, सर्किट माझं. तो शांत, मी तापट. दिवसातून एकदा तरी म्हणणार, "बाई, सोल्डर गन तापायला ठेवलीय की, तुम्ही कशाला तापताय?"

हा तापटपणा आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि गावी शेती बघायला लागले. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. घरटी एक तरी माणूस फौजेत, आणि उरलेले भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळत असतात. आबांचा आवाज असा, की ओढ्यापलीकडच्या मेंढक्याला हाक मारली तर मेंढरंसुद्धा थांबायची. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाची ऑर्डर तेच द्यायचे. सावधान, मग सलामी, मग राष्ट्रगीत. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. पण शाळेत नवे मास्तर बदलून आले की त्यांना पहिली माहिती मिळायची ती ही, की पाण्याची टाकी तिकडं आणि ऑर्डर सुभेदारांची.

मग त्यांचा घसा बसायला लागला. बसला तो उठेचना. मिरजेत तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ऑर्डर देता येईल का?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही, कसली ऑर्डर. आई म्हणाली, "आवं, जीव वाचतुय का ते इचारा!" आबा म्हणाले, "ते इचारून काय, ते त्यांचं काम हाय." मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले. आयुष्यभर ज्या आवाजावर चिडले, ज्याच्यावर दारं आपटली, तोच आता जाणार होता. मला तो आवाज हवा होता.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याखाली श्वासाला छिद्र, आणि बोलायला हातात धरायचं यंत्र. हे यंत्र गळ्याला टेकवायचं आणि बटण दाबायचं. ते थरथरतं, ती थरथर तोंडात उतरते, आणि मग ओठ-जीभ हलवून शब्द करायचे. आवाज एकसुरी येतो, पण शब्द कळतात. दवाखान्यात एक तयार यंत्र त्यांना लावून बघितलं. आबांनी तोंड वाकडं केलं आणि खुणेनं सांगितलं, हे नको, बाईगत गुणगुणतंय. मी म्हटलं, ठीक आहे, आपलं वर्कशॉप कशासाठी आहे?

तर आम्ही ते केलं. भागीदारानं पेटी केली, आणि सूर लावायला दोन दिवस घेतले. एकेक पट्टी उतरवत शेवटी आबांच्या जुन्या आवाजाच्या आसपास कुठेतरी आणून ठेवली. मी सर्किट केलं. थुंकी आणि माणातली धूळ आत जाऊ नये म्हणून सगळं बंद केलं, बॅटरीसकट. वर अंगठ्याखाली एकच बटण. दाबलं की आवाज, सोडलं की शांत. त्याच्या गुंऽऽऽ आवाजामुळं आईनं त्याला नाव दिलं भुंगा. आबांनी भुंगा गळ्याला लावला आणि पहिलं वाक्य बोलले ते मला. "जरा... उशीर... केलास." इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की भागीदार बाहेर चहा सांगायला निघून गेला.

दवाखान्यात भुंग्यानं बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. बोलताना जिथं थांबाल तिथं बटण सोडायचं. वाक्य, थांबा, बटण सोडा, पुढचं वाक्य. म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं. आबांनी मान हलवली. आबा मान हलवतात तेव्हा ते ऐकत नसतात, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीलाच एक गोष्ट घडली. भावकीत एक म्हातारे गेले, आणि आबा तिथं बसायला गेले होते. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, पुरुष माना खाली घालून बसलेले, आतून बायकांचं हुंदके देणं. आबांनी भुंगा लावला, दोन शब्द बोलले आणि अंगठा उचलला. भुंगा थांबेना. गुंऽऽऽ. परत दाबलं, परत सोडलं. गुंऽऽऽ. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला. मग मांडीखाली घेतला. आवाज मांडीखालून यायला लागला. कोपऱ्यातल्या कुणाला तरी हसू आवरेना, आणि त्यानं खोकल्याचं निमित्त केलं. आबा उठले, चप्पल न घालताच बाहेर पडले आणि विहिरीवर ज्वारीच्या कडेला जाऊन बसले. बॅटरी संपेपर्यंत तिथंच. आई शोधत गेली तेव्हा भुंगा गप्प झाला होता आणि आबाही.

मग बरेच दिवस त्यांनी तो गळ्याला लावलाच नाही. एके दिवशी दोघं एसटीनं सांगलीला आली. आबांनी टॉवेलाची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत पाठ फिरवून बसले. काय झालं ते सगळं आईनं सांगितलं.

झालं असं होतं. माणातला कोरडा गारवा, लोकरीचं घोंगडं आणि आबांचं नायलॉनचं जाकीट. अशा हवेत अंगावर वीज साठते. दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो ना, तीच. ती बोटातून पेटीत गेली आणि आतला प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, बधिर झाला. शेवटची आज्ञा होती वाजायची, तो वाजतच राहिला. आम्ही त्या विजेला बाजूनं जायला वाट करून दिली. पण पुन्हा कधीच असं होणार नाही, अशी ग्वाही कुणीच देऊ शकत नाही. म्हणून रिसेट हवा. आणि रिसेटनं प्रोसेसरला विचारत बसायचं नसतं. बेशुद्ध माणसाला "उठताय का" म्हणून काय उपयोग, तोंडावर पाणीच मारावं लागतं. त्यासाठी तिळाएवढी एक वेगळी चिप असते. तिला इशारा मिळाला की ती प्रोसेसरला सरळ खडबडून उठवते. प्रश्न एवढाच, की तिला इशारा द्यायचा कसा.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. पेटीला खाली बारीक छिद्र, आत बटण, टाचणीनं टोचायचं. चुकून दाबलं जायची भीती नाही. पण टाचणी आणायची कुठून? आईच्या बांगड्यांत सेफ्टी पिना कायम अडकवलेल्या असतात, आमच्याकडं सगळ्याच बायकांच्या असतात. झालं! भुंगा अडला की आबा काही न बोलता हात पुढं करायचे, आई शेजारणीशी बोलता बोलता पिन काढून टोचायची आणि भुंगा परत द्यायची. शेजारणीचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही.

"इतकी वर्षं ह्यास्नी गप करायला कुनाला जमलं न्हाई," आई मला फोनवर म्हणाली. "आता ह्यांचा आवाज माज्या बांगडीत हाय बग." इतकी खूष मी तिला क्वचित ऐकलीय.

आबा मात्र पेटले होते. शेतात अडला तर? पारावर अडला तर? "बोलायला... बी... हिची... परवानगी!" असं मला त्यांनी फोनवरून सुनावलं. आईच्या पिनेनं नुकत्याच सुरू केलेल्या भुंग्यातून.

मग मी दुसरी तऱ्हा केली. छिद्र बंद. तेच एक बटण सलग सात सेकंद दाबून धरलं की चिपनं रिसेट करायचं. एक अंगठा पुरे. माझ्या टेबलावर हे इतकं झकास चाललं, की मी भागीदाराला स्वतःहून चहा पाजला. तो म्हणाला, "इतकी वेळ सलग कोण बोलतं? मधे माणूस श्वास घेतोच की." मीही म्हटलं, घेतोच.

आमच्या दोघांच्याही डोक्यात आबा आलेच नाहीत.

सव्वीस जानेवारी तोंडावर आली तेव्हा गावात बैठक बसली. झेंडावंदनाची तयारी, शाळेची रंगरंगोटी, खाऊ कुणाचा, असं सगळं. शेवटी विषय निघाला ऑर्डरचा. पंधरा ऑगस्टला आबा दवाखान्याच्या फेऱ्यांत होते म्हणून मास्तरांनी वेळ मारून नेली होती. आता काय करायचं? आबा उठले. भुंगा लावला आणि बोलायला लागले. मी काय काय सांगतोय ते नीट ऐका, अशी त्यांची सुरुवात. आणि भर वाक्यात भुंगा टिक् करून गप्प झाला. यंत्र परत सुरू व्हायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात कुणीतरी बोललं, "सुभेदार, दमलासा. बसा तुमी." दुसरा बोलला, "हवालदार हायेतच की." हवालदार म्हणजे आबांच्या मागून फौजेतून निवृत्त झालेले, वयानं लहान, स्वभावानं भले. ते बिचारे नको नको म्हणत होते. आबांनी परत बटण दाबलं, परत सुरुवात केली, परत टिक्. तोपर्यंत ठरूनसुद्धा गेलं.

आईचा फोन आला. "ये बाय लौकर. ह्यांनी जेवान सोडलंया."

मी पहाटेची गाडी धरली. घरात शिरले तेव्हा आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. भुंगा फळीवर. मी तो घेऊन तपासला, काही बिघाड नव्हता. म्हटलं, "आबा, एकदा बोलून दाखवा. बैठकीत बोललात तसंच."

ते उठून बसले. भुंगा लावला. "मंडळी... मी... काय... म्हंतो..." आणि पुढचा शब्द सुचेपर्यंत गुंऽऽऽ. "ऑर्डर... म्हंजी..." गुंऽऽऽ. तोंड मिटलेलं, डोळे छताकडं, अंगठा बटणावर घट्ट. आणि टिक्.

माझं डोकं सणकलं. "आबा! बटण सोडा ना मधे! कितीदा सांगितलं तुम्हाला! थांबला की सोडायचं!"

त्यांनी भुंगा परत लावला. माझ्यापेक्षा जास्त संतापले होते, पण भुंग्याला संताप येत नाही, तो आपला एकाच सुरात बोलतो. "सोडलं... की... दुसरा... बोलतुय."

आई चुलीपाशी बसून हसत होती. "तुला म्हाईत न्हाई व्हय? पयल्यापासनं असंच हाय. आठवत नसलं की आऽऽऽ करायचं, पर दुसऱ्याला जागा द्यायची न्हाई. बैठकीत बी आन घरात बी."

खरंच की! माझ्या कानात सगळं लहानपण जागं झालं. आबांचं ते "आऽऽऽणि". पारावर, लग्नाच्या बोलणीत, आमच्या जेवणात. पुढचं सुचलं नाही तरी आवाज लांबवत राहायचा, म्हणजे कुणी मध्ये घुसत नाही. आमच्याकडं सगळेच कर्ते पुरुष असंच बोलतात. बोलणं म्हणजे जागा धरणं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसं. शिकवणाऱ्या बाई शहरातल्या, त्यांना हे कुणी सांगायचं? आणि मी तर त्याच घरात वाढलेय. मी स्वतः फोनवर "अंऽऽऽ" करत समोरच्याला बोलू देत नाही, हे भागीदार मला रोज ऐकवतो.

म्हणजे सात सेकंदांचे दहा केले, वीस केले, तरी आबा ते ओलांडणारच. आणि ऑर्डर? "साऽऽऽवधान" किती लांबवायचं ते आबा ठरवणार की माझी चिप?

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बटण सोडू नका. तुम्ही जसं बोलता तसंच बोला. मी बघते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ते भुंगा न लावता नुसती मान हलवली. या वेळी ते ऐकत होते.

मग त्यांनी अंगावर शर्ट चढवला आणि मला घेऊन हवालदारांच्या घरी गेले. मला म्हणाले, तू बोल. ते माझ्या हातात बोलणं देताहेत याचाच मला धक्का बसला होता. मी सांगितलं, मशीन नीट करून आणते, सव्वीस तारखेच्या आधी एकदा मैदानावर बघा, चाललं तर ऑर्डर आबांची. हवालदारांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "अगं, मला कुटं हौस हाय? चाललं तर सुभेदारच देनार. पर ताई, ऐन टायमाला गप झालं तर सगळ्या गावाम्होरं त्यांचंच..." आणि ते थांबले. तेवढीच भीती होती. विहिरीवरची ती दुपार आबांनी पुन्हा सोसली नसती. मला पक्कं माहीत होतं, परत तसं झालं तर ते भुंगा कायमचा फळीवर ठेवतील आणि आमच्या घरात पुन्हा आवाज होणार नाही.

सांगलीला आले आणि भागीदाराला सगळं सांगितलं. तो खूप हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे बोलताना जे कधीच होत नाही, ते शोधायला पाहिजे." आम्ही दोघं भुंगा हातात घेऊन आबांसारखे बोलत बसलो, मुठीत धरून, अंगठा वर. वर्कशॉपमधल्या मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. शेवटी एक दिसलं. बोलताना एक हात कायम मोकळा असतो. आबांचा तर तो हवेत फिरत असतो. पेटीच्या बुडाला कुणाचंच बोट जात नाही.

तर मी दुसरं बटण बुडाला बसवलं. एकटं दाबलं तर काहीच होणार नाही, कारण खिशात ते दाबलं जाणारच. एकटं वरचं कितीही वेळ दाबा, काही होणार नाही. वरचं आणि बुडाचं, दोन्ही एका वेळी धरून ठेवली, तरच रिसेट. एका हाताच्या मुठीला ते जमत नाही, दुसरा हात लागतोच. कितीही बोला, कितीही लांबवा, चुकून व्हायचं नाही. अडकलं तर पिन नको आणि आई नको. मला वाटलं, जिंकलं!

आईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माजी नोकरी गेली म्हनायची." हसत म्हणाली, पण पिन काढून बांगडीत परत अडकवताना जरा वेळ लावला.

मैदानावर रंगीत तालीम झाली. आबांनी सावधान इतकं लांबवलं, की झेंड्याच्या खांबावरचा कावळा उडाला. भुंगा टिकला. हवालदारांनी टाळी वाजवली. आबा मागं वळून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "ब... रं... हाय." फौजेतल्या माणसाच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच.

सव्वीस तारखेला पहाट गारठ्याची होती. आबांनी पलटणीचा जुना लोकरीचा कोट घातला, त्यावर पदकं, डोक्याला फेटा. गाव जमलं. पोरं रांगेत, एका बाजूला माजी सैनिक, दुसरीकडं बायका. मी मास्तरांच्या मागं उभी. 

आबा माईकसमोर आले. डाव्या हातात भुंगा, गळ्याला टेकवलेला. "साऽऽऽवधान!" एकसुरी, यंत्राचा, पण लांबवलेला तो त्यांचाच. सगळं मैदान खाडकन ताठ झालं. सरपंचांनी दोरी ओढली, झेंडा उलगडला, फुलं पडली. "राष्ट्रध्वज को... सलामी... दो!" सगळे उजवे हात वर गेले. आबांचाही.

आता राहिलं होतं एकच. राष्ट्रगीत सुरू करायची ऑर्डर.

आबांचे ओठ हलले. आवाज नाही. मी बघितलं, अंगठा बटणावर दाबलेला आहे, नख पांढरं झालंय, आणि भुंगा गप्प. तो कोट! कोरडा गारवा आणि लोकरीचा कोट. या वेळी प्रोसेसर दोन ऑर्डरींच्या मधे, गप्प असतानाच बधिर झाला होता आणि गप्पच राहिला होता. ती सगळी वीज मी घोंगड्याच्या वेळी हिशेबात धरली होती, आणि आज पहाटे त्यांना कोट चढवताना मीच गुंड्या लावल्या होत्या.

दोन्ही बटणं धरायची, एवढंच करायचं होतं. पण उजवा हात सलामीत होता. आणि झेंड्यासमोर सलामीतला हात आबा खाली घेतील? मी शप्पथेवर सांगते, गळा कापला तरी घेणार नाहीत. एका हाताला जमू नये म्हणून मी जे केलं होतं, ते एका हाताला जमत नव्हतं.

सगळं गाव हात कपाळाला लावून उभं. पोरांचे हात थरथरायला लागले. हवालदार रांगेत होते, त्यांनी तोंड उघडलं असतं तर राष्ट्रगीत सुरू झालं असतं. त्यांनी उघडलं नाही. ते आबांकडं बघत होते. आबांचं तोंड लाल, डोळे झेंड्यावर, आणि गालांवरून पाणी. सलामीतला माझा हातही खाली येईना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई निघाली. डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ चालत मैदानाच्या मधोमध आली. ही तीच आई, जी गावातून चालताना आबांच्या चार पावलं मागं चालते. ती त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि भुंग्याच्या बुडाला खालून बोट लावून धरलं. आबांचा अंगठा वरच्या बटणावर होताच. तो त्यांनी सोडलाच नव्हता.

दोघं तशीच उभी. ते झेंड्याकडं बघताहेत, ती भुंग्याकडं. मग बारीकसा टिक् ऐकू आला. आईनं बोट काढलं, आली तशी चालत परत गेली आणि बायकांत मिसळून तिनंही हात कपाळाला लावला.

"राष्ट्रगीत... शुरू... कऽऽऽर!"

राष्ट्रगीत कसं म्हटलं मला आठवत नाही. मी हुंदके देत होते. मास्तर माझ्याकडं बघायचं टाळत होते.

नंतर सगळे भेटले, पोरांना जिलेबी वाटली, हवालदारांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मधे काय झालं त्यावर कुणी एक शब्द काढला नाही. आम्ही घरी आलो. आबांनी फेटा उतरवला, कोट काढून खुंटीला लावला आणि खाटेवर बसले. आईनं चहा टाकला. मी उंबऱ्याशी बसले होते, आता काय होतंय त्याची वाट बघत. चारचौघांत मध्ये पडलेली बाई आबांनी खपवून घेतलेली मला तरी आठवत नव्हती.

आबांनी भुंगा गळ्याला लावला. "तुला... कुनी... सांगितलं... मदी... यायला?"

आईनं उत्तर दिलं नाही. ती कधीच देत नाही. आबांचं बोलणं संपत नसतं, आऽऽऽ चालूच असतं, त्यामुळं उत्तर द्यायची तिची सवयच मोडलेली. ती भांड्यातल्या चहाकडं बघत राहिली, पुढचं येईल म्हणून.

पण पुढचं आलं नाही. खोलीत काहीच वाजत नव्हतं. मी मान वळवून बघितलं. भुंगा गळ्याला तसाच होता आणि अंगठा बटणावरून उचललेला.

आईलाही ती शांतता कळली. ती दचकून वळली. "परत बंद पडलं का वं?" म्हणत पदराला हात पुसत लगबगीनं आली आणि बुडाला लावायला बोट पुढं केलं.

आबांनी मानेनं नाही म्हटलं. बटण दाबलं. "चालू... हाय. बोल... तू." आणि अंगठा परत उचलला.

आई तशीच उभी राहिली, बोट पुढं केलेलं. चहा उतू गेला, तो मी उठून उतरवला. मग ती खाटेच्या कडेला टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि बोलायला लागली. मी कप भरून दोघांच्या मध्ये ठेवले आणि अंगणात आले. बराच वेळ आतून तिचाच आवाज येत होता.